पिप्पीच्या बाबांवरून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, तेव्हा लगेच परत लावणार होतो. पण तुझा आवाज चढला की माझाही चढतो, आणि मग मुद्दा बाजूला राहतो. म्हणून लिहितोय. पत्रात तुला मला मधेच थांबवता येत नाही, एवढाच माझा फायदा.

तुझं म्हणणं कळलं. "अप्पा, तो सहा वर्षांचा आहे. बाबा परत येणार असलं काही त्याच्या डोक्यात भरवू नका." मी नातवाला वाचून दाखवतोय त्या स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनबाईंच्या पुस्तकातली पिप्पी एकटी राहते, तिचे बाबा वादळात जहाजावरून समुद्रात पडलेले, ती ठासून सांगते की ते कुठल्याशा बेटावर राजा झालेत, आणि पुढच्या पुस्तकात ते खरंच येऊन उभे राहतात. तुझी भीती रास्त आहे. पण आम्ही अजून पहिल्याच पुस्तकात आहोत, आणि त्यात कोणी परत येत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. तो विचारत नाही. आधी रोज विचारायचा, बाबा कधी येणार. तू सांगायचीस, कामासाठी लांब गेलेत. आता विचारायचा बंद झालाय आणि तू म्हणतेस सावरला. असो. हा विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तो ऐकतो कसा ते तुला सांगायचं होतं. पिप्पी उशीवर पाय ठेवून झोपते, डोकं पांघरुणात, हे वाचलं तेव्हा त्याने पानावर पंजा दाबून धरला, मला उलटू देईना. मग म्हणाला, "तिला रात्री झोप म्हणून कोण सांगतं?" पिप्पी स्वतःच स्वतःला सांगते, एकदा प्रेमाने, आणि नाही ऐकलं तर दरडावून. त्या रात्री आमच्याकडेही उशीवर दोन पाय होते, आणि पांघरुणाखालून स्वतःला रागावण्याचा आवाज. मी हसू दाबत बाहेर येत होतो, तेवढ्यात आतून प्रश्न आला, "अप्पाआजोबा, तिचे बाबा तिला शोधत असतील का?"

हा प्रश्न त्याने पिप्पीबद्दल विचारला. स्वतःबद्दल तो विचारत नाही.

ग्रंथालयात एवढी वर्षं काढली, त्यात एक गोष्ट लक्षात आली. आई-बाप वारलेल्या मुलांची पुस्तकं कपाटभर सापडतात. लेखकाचीही सोय असते, मोठी माणसं वाटेतून दूर केली की मूल साहसाला मोकळं. पण बाप जिवंत आहे आणि घरात नाही, अशा मुलाचं पुस्तक मागायला कोणी आलं की मला शोधत बसावं लागायचं. वारलेल्या माणसावर रुसता येतं, पण तो आपल्याला सोडून का गेला असं सहसा मनात येत नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला येतो. पिप्पीत दोन्ही आहे, म्हणून मी ते पुस्तक निवडलं. आई ती तान्ही असतानाच गेलेली, तिला ती आभाळाकडे हात हलवून सांगते, काळजी करू नकोस, माझं मी बघते. बाबांचा मात्र पत्ता नाही. लिंडग्रेनबाईंनी ही पोर आधी तोंडी रचली, १९४१ साली, त्यांची लेक न्यूमोनियाने आजारी होती तेव्हा. पुस्तक आलं १९४५ मध्ये. त्याच्या पुष्कळ आधी, १९२६ साली, लग्नाआधी त्यांना मुलगा झाला होता आणि त्याला जवळजवळ तीन वर्षं कोपनहेगनला दुसऱ्या बाईंच्या घरी ठेवावं लागलं होतं. वाट बघणारं मूल बाईंनी जवळून पाहिलेलं होतं.

तुझी आई गेली तेव्हा तू तिसरीत होतीस. कोणी न सांगता 'श्यामची आई' काढून घेतलंस. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, त्यांनी ते लिहिलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात, म्हणजे एवढा काळ माणूस ते मनात घेऊन होता. तू शेवटची काही पानं ठेवून पुस्तक परत दिलंस. "शेवट मला माहीत आहे," म्हणालीस. मग एका संध्याकाळी मी तुझी नखं कापत होतो, तर तू बोटाकडे बघत म्हणालीस, "वेणी घालताना मी आईवर ओरडले होते, म्हणून का?" मी नखं कापतच राहिलो आणि सांगितलं, आजारामुळे गेली, ओरडण्यामुळे कोणी जात नाही. त्यानंतरही तू ते पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. पण तू विचारलंस, ताई.

मुलं दोष स्वतःकडे घेतात. पाच मिनिटं रडतात, लगेच खेळायला पळतात, आणि मोठ्यांना वाटतं विसरली. वारलेल्याला "झोपलेत" म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. "लांब गेलेत" म्हटलं की लांबून परत यायची वाट बघतं, आणि आशा लावतेस ती तू, पिप्पी नव्हे. त्याला सरळ सांगायला हवं की बाबा आता दुसऱ्या घरी राहतात, आपल्याकडे राहायला येणार नाहीत, आणि यात तुझं काही चुकलेलं नाही. एकदा सांगून भागत नाही, तो…

बघ, लागलोच मास्तरकी करायला. माफ कर. रात्री तुलाच त्याच्याजवळ झोपायचं असतं, मला बोलायला काय जातं. ऑफिस, कोर्टाच्या तारखा, त्याची शाळा, आणि त्यात माझ्या गोळ्या संपत आल्यात हेही तुझ्याच लक्षात राहतं. मी मित्रमंडळींत तुझ्याबद्दल इतकं बोलतो की ते आता विषय बदलतात. पण जानेवारीपासून तुला एकदाही मोडलेलं पाहिलं नाही, आणि त्याचं कौतुक वाटण्याऐवजी पोटात गोळा येतो. तो तुझ्याकडे बघूनच गप्प बसायला शिकला नसेल ना?

दुसरं पुस्तक माझ्याकडेच आहे. तू हो म्हणेपर्यंत त्याच्यासमोर उघडणार नाही. पण आधी तू वाच, शेवटपर्यंत वाच. बाबा येतात हे खरं. ते तिला जहाजावर न्यायला निघतात, तिची तयारीही झालेली असते, आणि ऐन निघताना ती ठरवते की आपण इथेच राहायचं, आपल्या घरात, शेजारच्या दोघांजवळ. बाबा जातात. ती राहते. ते पान त्याला दाखवावंसं मला वाटतं. पण आई तू आहेस, नको म्हणालीस तर नको.

शनिवारी त्याला सोडशील तेव्हा चष्मा दप्तरात घातलाय ना ते बघ, मागच्या वेळी राहिला होता.

तुझा,
अप्पा

ता. क. त्याने मधे काही विचारलं, कितीही उशीर झालेला असला, तरी मला त्याच दिवशी कळव.