सभासदांना सूचना : ऑनलाइन जुगार आणि कर्जाचा फास

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, सगळे त्यात आले. ‘हा कौशल्याचा खेळ’ ही सबब आता चालत नाही. तरीही टेलिग्रामवर लिंक फिरतातच. अशी अ‍ॅप सुरुवातीला थोडं जिंकू देतात, मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ म्हणतात. भरू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. कमिशनच्या लोभाने आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला दिलं, तर ते गोठवलं जातं आणि पगारही त्यातच अडकतो.

खरा घात मात्र गेलेले पैसे परत मिळवण्याच्या हट्टाने होतो. सलग पाच डाव हरलात म्हणून सहावा जिंकण्याची शक्यता वाढत नाही. खोटं बोलणं, रात्री लपून खेळणं, हप्ता भरायला दुसरं कर्ज काढणं ही लक्षणं दिसली, तर थांबायची वेळ टळून चालली आहे असं समजा. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, यूपीआयची मर्यादा घटवा, पगाराचं खातं यूपीआयपासून वेगळं ठेवा. घरच्यांनी कर्ज फेडायला रोख हातात देऊ नये (ती पुन्हा डावावरच लागते), थेट कर्ज देणाऱ्याकडे भरावी.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.