आमच्या पहिल्या अल्बमचे न छापलेले मानकरी

आमच्या बँडचा अल्बम आला. कव्हरवर नावं आम्हा चौघांचीच आहेत, म्हणून हे आभार.

भोसरीतल्या प्रेस शॉपचे काका पाळी सुटली की आम्हाला वाजवायला शेड उघडून द्यायचे. विजेचं बिल त्यांनी कधी मागितलं नाही. ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट आम्हीच सांगितली: बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशिनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, मग प्लॅस्टिक वितळवून केलेली टोपणं चढवून तो डावखुरा गडी पुन्हा वाजवू लागला. बोटांना ताण नको म्हणून पुढे तारा सैल करून सूर उतरवला आणि गिटार आणखी खर्जात गेली. आमचं सगळं तिथूनच आलंय. काका एवढंच म्हणाले, "मशिनला गार्ड नसणार."

आमच्या ड्रमरचं मनगट ताशावर तयार करणारे पथकातले दादा, तुमचेही आभार. तिसऱ्या गाण्यातला तो ताशाचा सलग कडकडाट तुमचाच. (दोन्ही पायांनी वाजवायचा डबल बास ड्रम मात्र त्याचा स्वतःचा, पायदुखीसकट.)

मिक्सिंगला रात्र रात्र बसलेला मित्र नाव लिहू देत नाही. शेजारच्या शेडमधल्या ताईंनी चहा पाजला, वर "गाता की भांडता?" असंही विचारलं.

काका, तुमच्या सीडी वॉचमनकडे ठेवल्यात.