मॅनेजर शोधाच, पण दोन मैदानांच्या मधला माणूसही शोधा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मॅनेजर क्लॉप या सीझननंतर जाणार, त्यावर तुमच्या क्रीडा पानावर मागच्या आठवड्यात 'क्लॉपनंतर कोण' अशी चौकट आली होती, ती मी कापून तालमीच्या भिंतीवर लावली. त्याच्या जागी येऊ शकणारे कोच अलोन्सो, अमोरिम, डी झर्बी, सगळ्यांचे फोटो, कुणी किती मॅच जिंकल्या ते आकडे. बरं वाटलं, मराठी पेपरात लिव्हरपूलसाठी एवढी जागा मिळते म्हणून. पण ती चौकट दोनदा वाचली तरी एक गोष्ट त्यात सापडली नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, म्हणून हे पत्र.

आधी २५ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीचं सांगतो. लंडनच्या वेम्ब्लीवर इंग्लंडच्या लीग कपची फायनल, लिव्हरपूलसमोर चेल्सी, आपल्याकडं रात्री साडेआठला मॅच सुरू. संध्याकाळच्या बॅचची अकरा-बारा पोरं तालमीत टीव्हीसमोर बसलेली, दहावीची तेवढी नव्हती, १ मार्चपासून पेपर होते त्यांचे. मॅचच्या आधी टीम आली तेव्हाच पोरांची तोंडं उतरली. सालाह नाही, नुन्येझ नाही, सोबोस्लाय नाही, ॲलिसन नाही, ट्रेंट नाही, जोटा नाही, कर्टिस जोन्स नाही, सगळे दुखापतीनं बाहेर. त्यात अर्ध्या तासाच्या आतच ग्राव्हनबर्खला पण स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. एक पोरगा म्हणाला, सर आज संपलं. मी पण मनात तेच म्हणत होतो.

आणि मग क्लॉपनं एकेक पोरगं मैदानात सोडायला सुरुवात केली. आधी बॉबी क्लार्क, १९ वर्षांचा. मग ९० मिनिटं संपत आली तेव्हा जेम्स मॅककॉनेल, तो पण १९, आणि जेडन डॅन्स, १८. डॅन्स लाइनवर उभा राहिला तेव्हा पाठीवर ७६ नंबर दिसला आणि आमच्यातला एक बारका ओरडला, सर ७६ नंबर असतो काय कुठं! मी त्याला सांगितलं की ॲकॅडमीतनं, म्हणजे क्लबच्याच पोरांच्या टीममधनं, वर येणाऱ्या पोराला सुरुवातीला असेच मोठे नंबर मिळतात, ब्रॅडलीचा ८४ आहे, क्वान्साहचा ७८, गोलात उभा आहे त्या केलेहरचा ६२, आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड एवढा मोठा झाला, युरोप जिंकला तरी अजून ६६च घालून खेळतो. पोरं गप्प झाली आणि मग ९० मिनिटांत गोल न झाल्यामुळं मिळालेला तो जादा अर्धा तास पोरांनी जसा बघितला तसं मी त्यांना कुठलीच मॅच बघताना बघितलं नाही. आमची पोरं त्या पोरांकडं बघत होती, बाकी मैदानात कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ११८व्या मिनिटाला त्सिमिकासचा कॉर्नर, व्हॅन डाइकचं हेडर, गोल. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, खालच्या मजल्यावरचे काका वर आले काय झालं बघायला.

तीन दिवसांनी एफए कप या इंग्लंडच्या दुसऱ्या स्पर्धेत साउदॅम्प्टनला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल त्याच डॅन्सचे आणि एक लुईस कुमासचा, तो पण १८ वर्षांचा आणि सीनियर टीमकडून त्याची ती पहिलीच मॅच. त्याच दिवशी १६ वर्षांचा ट्रे न्योनी पण खेळून गेला. आणि परवाच्या रविवारी मँचेस्टर सिटीविरुद्ध मॅच १-१ झाली त्यात ब्रॅडली आणि क्वान्साह सुरुवातीपासून होते, गोलात केलेहर. म्हणजे ही एका रात्रीची लॉटरी नाही साहेब, हे असं आपोआप होत नाही.

कसं होतं ते थोडं सांगतो. लिव्हरपूलची ॲकॅडमी शहराबाहेर कर्कबीला, जवळजवळ पंचवीस वर्षं झाली तिथं. पण सीनियर टीम सराव करायची मेलवूडला, काही मैल लांब. आता विचार करा, कर्कबीतल्या पोरानं कितीही चांगला खेळ केला तरी मोठ्या टीमच्या कोचला तो दिसणार कधी, कुणी तरी फोन करून सांगितलं तरच. क्लॉपला हे दोन्ही एका आवारात पाहिजे होतं, ते २०२० च्या नोव्हेंबरमध्ये झालं, ५० कोटी रुपये नाही, ५ कोटी पौंड खर्च करून कर्कबीला नवीन सेंटर बांधलं. आता सालाह ज्या आवारात गाडी लावतो त्याच आवारात दहा वर्षांची पोरं येतात.

पैशाचं पण धोरण आहे. ॲकॅडमीचे प्रमुख ॲलेक्स इंगलथॉर्प, त्यांच्या काळात नियम आला की पहिल्या वर्षाच्या व्यावसायिक पोराचा मूळ पगार वर्षाला ४० हजार पौंडांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. आपल्याला ती रक्कम मोठी वाटेल, पण तिथं दुसऱ्या क्लबांत १७ वर्षांच्या पोरांना याच्या कितीतरी पट मिळतात. कारण सरळ आहे, पोराच्या खिशात आधीच सगळं आलं की त्याची भूक मरते. यामुळं काही पोरं दुसरीकडं जात पण असतील, तरी क्लबनं हे धरून ठेवलं, मला हे फार पटतं.

पण जागा आणि पगार यानं पोरगं वर येत नाही, त्याला वर घेऊन जाणारा माणूस लागतो. आणि इथंच तुमच्या चौकटीत राहिलेली गोष्ट येते. पेप लाइंडर्स २०१४ मध्ये लिव्हरपूलला आला तो सीनियर टीमचा कोच म्हणून नाही, १६ वर्षांखालच्या पोरांचा कोच म्हणून आला, ट्रेंट तेव्हा त्याच वयाचा. पुढं लाइंडर्सला वर घेतलं आणि तो क्लॉपचा उजवा हात झाला. मग २०१९ मध्ये पोर्तुगालहून व्हिटर मातोस आला. त्याचं नाव आपल्याकडं कुणाला माहीत नाही. त्याचं काम एवढंच, ॲकॅडमी आणि सीनियर टीम यांच्या मधे उभं राहायचं. पोरांच्या मॅच बघायच्या, सीनियर सरावाला कुणाला बोलवायचं ते ठरवायला मदत करायची, बोलावलेल्या पोराला मोठ्यांच्यात बुजू द्यायचं नाही, त्याच्याकडनं वेगळा सराव करून घ्यायचा. वेम्ब्लीवर मॅककॉनेल आणि क्लार्क जे करत होते, चेंडू गेला की लगेच त्याच्या मागं धावायचं, कुठं उभं राहायचं, हे त्यांना त्या रात्री कुणी सांगितलं नव्हतं, महिनोन् महिने त्यांनी सीनियर टीमच्या सरावात तेच केलेलं.

२६ जानेवारीला क्लॉपनं जाहीर केलं की सीझन संपल्यावर मी जाणार, माझी ताकद संपत आलीय. सगळ्या जगात तीच बातमी झाली. पण त्याच दिवशी क्लबनं हे पण सांगितलं की लाइंडर्स, दुसरा असिस्टंट क्राविट्झ आणि मातोस हे तिघं पण जाणार. म्हणजे मॅनेजर जातोय तो जातोयच, मधला पूलच उचलून नेला जातोय. आणि शोध कशाचा चाललाय, तर फक्त मॅनेजरचा.

काल बातमी आली की मायकेल एडवर्ड्स परत येतोय, मालक कंपनीत फुटबॉलचा प्रमुख म्हणून. सालाह, व्हॅन डाइक, ॲलिसन यांना आणलं तेव्हा तोच स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याचं बघणारा, होता, त्यामुळं आनंद झाला. पण त्याचं नाव झालंय ते विकत घेण्यात आणि विकण्यात. मला भीती ही वाटते की नवीन मॅनेजर येईल, त्याच्यासोबत त्याचे चार असिस्टंट येतील, त्यांना ॲकॅडमीतल्या कुठल्याच पोराचं नाव माहीत नसेल, पहिल्या सीझनला त्यांना निकाल पाहिजेत, मग खात्रीचा २७-२८ वर्षांचा खेळाडू विकत घ्या, आणि डॅन्स, मॅककॉनेल यांना लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडं खेळायला, पाठवा. लोन वाईट नाही, ब्रॅडली बोल्टनला वर्षभर राहिला म्हणून तर तो आज एवढा तयार आहे, क्वान्साह पण ब्रिस्टल रोव्हर्सला जाऊन आला. पण त्यांच्याकडं परत बघणारं कुणीतरी घरी होतं. परत आल्यावर ओळखणाराच नसेल तर ते लोन म्हणजे घालवून देणंच.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या पेठेतल्या एका टीमचं नाव घेत नाही, पण तिथं मी आठ-नऊ वर्षांपूर्वी बारक्या पोरांना शिकवायचो आणि सीनियर टीमचे तेव्हाचे कोच दर रविवारी सकाळी गांधी मैदानावर येऊन बाकावर बसायचे, काही बोलायचे नाहीत, फक्त बघायचे. त्यातली तीन पोरं त्यांनी सतराव्या वर्षी शाहू स्टेडियमवर खेळवली. ते गेले, नवीन कोच आले, माणूस चांगला, अभ्यास पण होता, पण त्यांनी येताना स्वतःचे सहा खेळाडू बाहेरून आणले आणि आमच्या मैदानाकडं वर्षभरात एकदा पण फिरकले नाहीत. माझ्या भाच्याचा डावा पाय असा होता की कॉर्नरवरनं चेंडू सरळ गोलात वळवायचा. तो दोन सीझन किट घालून बाकावर बसला, तिसऱ्या सीझनला आलाच नाही. आज एमआयडीसीत कामाला आहे, मॅच बघायला पण येत नाही. कोच बदलला याचं मला दुःख नाही, कोच बदलणारच. त्या दोघांच्या मधे 'सर, हा पोरगा बघा' असं म्हणणारं कुणी ठेवलं नाही, याचं आहे. त्यावेळी ते मी म्हणायला पाहिजे होतं आणि मी म्हणालो नाही.

लिव्हरपूलला तर हे शिकवायची गरज नाही, हा त्यांचाच जुना धडा आहे. मॅनेजर शँकलींनी १९७४ मध्ये अचानक पद सोडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं क्लब संपला. पण बूट ठेवायच्या त्या छोट्या खोलीत चहा पीत बसणारी त्यांच्या हाताखालची माणसं तिथंच होती, पेझ्ली, फेगन, रॉनी मोरान, रॉय इव्हान्स. पेझ्ली मॅनेजर झाले, त्यांनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. मग फेगननी पहिल्याच वर्षी लीग, लीग कप, युरोपियन कप तिन्ही. मॅनेजर बदलत होता, खोलीतली माणसं तीच होती, कुठला पोरगा रिझर्व्ह टीममध्ये काय करतोय हे त्यांना पाठ असायचं. आता क्लॉप धरून एकदम चौघं निघालेत, तशी खोली राहिली नाही.

आता नावांचं विचाराल तर माझं मन अलोन्सोकडं आहे. तो आपलाच जुना खेळाडू, २००५ ला इस्तंबूलमध्ये युरोपियन कपच्या फायनलला त्याची पेनल्टी अडली आणि परत आलेला चेंडू त्यानं आत मारला ती रात्र कोण विसरेल. त्याचा जर्मनीतला क्लब लेव्हरकुसेन या सीझनला अजून एक पण मॅच हरलेला नाही. पण मला त्याच्यातलं आवडतं ते वेगळं, त्यानं कोचिंगची सुरुवात रियल माद्रिदच्या १४ वर्षांखालच्या पोरांपासून केली आणि मग तीन वर्षं रियल सोसिएदादची बी टीम सांभाळली, ती टीम वरच्या डिव्हिजनला पण नेली. एवढं मोठं नाव असताना पोरांच्यात जाऊन बसलेला माणूस आहे. अमोरिमनं पण पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १९ वर्षांनी लीग जिंकून दिली ती घरच्या पोरांना घेऊन, नुनो मेंडेस त्यातलाच. डी झर्बीबद्दल मला एवढं नक्की वाटत नाही, पण ब्रायटनला त्यानं इव्हान फर्ग्युसनला खेळवलंय हे खरं.

पण यातला कुणीही येऊ दे, एडवर्ड्सनं त्याच्यासमोर बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की कर्कबीच्या दुसऱ्या बाजूला सराव करणाऱ्या पोरांकडं तुझ्याकडनं कोण जाणार, रोज? आणि त्याच्याकडं माणूस नसेल तर क्लबनं आपला द्यावा, ॲकॅडमीत काम केलेला, पोरांची नावं माहीत असलेला, आणि तो मॅनेजरचा नव्हे तर क्लबचा नोकर असावा, म्हणजे पुढच्या वेळी मॅनेजर गेला तरी तो जाणार नाही. याला काही दहा कोटी पौंड लागत नाहीत.

तुमच्याकडं पण एक विनंती आहे. येत्या रविवारी, १७ तारखेला एफए कपची मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मॅच आहे, आपल्याकडं रात्री नऊला. सोमवारच्या अंकाला ते जमेल की नाही माहीत नाही, मंगळवारी पण चालेल, गोल कुणी मारला त्याच्यासोबत बाकावर कोण बसलं होतं, कोण बदली म्हणून आलं, त्यांचं वय आणि पाठीवरचा नंबर एवढं छापा. भिंतीवरच्या त्या चौकटीच्या खाली जागा ठेवलीय, पोरं रोज विचारतात ७६ नंबर परत खेळला का म्हणून.

आपला नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर
१३ मार्च २०२४