टाकीतली पेन्सिलीची खूण

लातूर, रविवार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून गेलीस, की संडासातल्या फ्लशच्या टाकीतून दिवसरात्र बारीक आवाज येतो आणि प्लंबर ‘येतो, येतो’ म्हणतोय त्याला दहा दिवस झाले. वर म्हणालीस, “जाऊ दे गं आई, थोडंसंच तर पाणी जातंय.” ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

2016 चा एप्रिल आठव. तू आठवीत होतीस. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, एकेकात 50 हजार लिटर. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात आपण कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवायचो आणि तेच संडासात ओतायचो. टाकीचा कॉक मी बंद करून टाकला होता. तेव्हा मी पहिल्यांदा त्या टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. तोवर ते काम आपलं नाही, असंच धरून चालले होते.

पाऊस झाला, कॉक उघडला, तर टाकी गळायला लागली. ज्याला बोलावलं तो म्हणाला, अख्खी टाकी बदला. मला पटेना. दुसऱ्या दिवशी मीच आत हात घातला, तर तळाची रबराची चकती सुकून कडक झालेली. टाकी तीन महिने रिकामी होती ना! तेवढी चकती आणून बसवली आणि गळती थांबली. तीच टाकी आजही चालू आहे.

म्हणून सांगते, आधी दोष कुठे आहे ते शोध. टाकीच्या शेजारी भिंतीत जो छोटा नळ असतो त्याला अँगल कॉक म्हणतात. रात्री झोपताना टाकी पूर्ण भरली की तो घड्याळाच्या दिशेनं फिरवून बंद कर. जुना असेल आणि फिरत नसेल तर पाना लावून जोर करू नकोस, हातात तुटून येतो आणि पाण्याचा फवारा सुरू होतो. मग फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तो कुठे आहे ते आजच बघून ठेव. झाकण काढ (बटण झाकणाला जोडलेलं असेल तर आधी ते उलटं फिरवून सोडव) आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं खूण कर. रात्रभर फ्लश करू नकोस.

सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर तळाची चकती गळते आहे. मधला उभा भाग बहुतेक टाक्यांत थोडा डावीकडे फिरवला की सुटून वर येतो. चकतीवर पांढरा थर असेल, कारण तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं आणि त्यात क्षार फार. व्हिनेगरमध्ये तासभर ठेव, बोटांनी चोळ. चकती कडक झाली असेल किंवा तिला चीर गेली असेल तर ती पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात ने आणि मापाला माप लावून नवी घे. नुसतं तोंडी सांगून आणू नकोस, मापं फार वेगवेगळी असतात.

पाणी खुणेवरच राहिलं तर चकती चांगली आहे, दोष फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्याचा. पाणी हवं तितकं भरलं की फ्लोट वर उचलला जातो आणि येणारं पाणी थांबवतो. तो फार वर लावलेला असेल तर पाणी मधल्या नळीच्या तोंडातून आत उतरत राहतं आणि सरळ भांड्यात जातं. कॉक उघड आणि फ्लोटचा स्क्रू फिरवून पाणी नळीच्या तोंडाखाली बोटभर राहील असं कर. तरीही थांबलं नाही तर फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकला असेल, कॉक बंद कर आणि व्हॉल्व्ह उघडून धू.

तुंबण्याचंही सांगते, कारण त्यात घाई नडते. पाणी वर चढलं की लोक घाबरून पुन्हा फ्लश करतात आणि सगळं बाहेर येतं. तू तसं करू नकोस. कॉक बंद कर, थोडं थांब, मग रबरी पंप भांड्यात नीट दाबून बसव. त्याची वाटी पाण्यात बुडालेली हवी, नाहीतर नुसती हवाच हलते. दाबण्यापेक्षा झटक्यानं वर ओढण्यानं जास्त काम होतं. उकळतं पाणी ओतू नकोस, भांड्याला तडा जातो. आणि ॲसिड ओतून वर ब्लीच तर कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात जीव गुदमरतो. हे मी तुला बजावून सांगते आहे.

तुझं भांडं तुंबताना न्हाणीच्या जाळीतूनही पाणी वर येत असेल, तर दोष इमारतीच्या लाइनमध्ये आहे. ते काम सोसायटीचं. पण सोसायटी कुणा माणसाला चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवत असेल तर गप्प बसू नकोस. आत वायू साठतो, माणसं मरतात, आणि 2013 च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय अशी धोक्याची सफाई माणसाकडून करून घ्यायला बंदी आहे. मशीनची गाडीच मागवायला लाव.

घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं आणि आल्यावर वास आला तर घाबरू नकोस. जाळीखाली वाकडा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात; त्यात साठलेलं पाणी वास अडवतं, ते आटलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतलंस की वास थांबतो.

आज रात्री खूण कर. सकाळी पाणी किती बोटं खाली गेलं ते ऑफिसला निघण्याआधी कळव, आणि चकतीचा फोटो पाठव.

तुझी
आई