देवाचं सोंग म्हणजे देवाची विटंबना नव्हे

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

‘मोहल्ला अस्सी’ या चित्रपटात काशीच्या घाटावर शंकराचं सोंग घेतलेला एक बहुरूपी शिव्या हासडतो. त्यावरून गदारोळ झाला. जून २०१५ मध्ये न्यायालयाची स्थगिती आली, पुढे सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एक कट (काटछाट) करून परवानगी दिली आणि चित्रपट लागला नोव्हेंबर २०१८ मध्ये. त्यात चेष्टा होती ती तीर्थक्षेत्री भरलेल्या धर्माच्या बाजाराची.

मी देवभोळा माणूस आहे, म्हणूनच हे लिहितोय. आमच्याकडे जत्रेत तमाशा उभा राहतो. गणात गणपतीला हात जोडले जातात आणि लगेच गवळणीत मिशीवाली मावशी कमरेवर हात ठेवून खुद्द कृष्णाची फिरकी घेते. पेंद्या अडखळत बोलतो, बाया पदर तोंडाला लावून हसतात आणि सकाळी तीच माणसं नारळ घेऊन देवळाच्या रांगेत उभी असतात. यात कुणाचा देव बाटला? सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ हे प्रहसन लिहून दारूच्या नशेतला कापालिक (कवटी बाळगणारा शैव साधू) आणि लोभी बौद्ध भिक्षू रंगमंचावर आणले. राज्यकर्त्यानेच हे लिहिलं, हे आपण ध्यानात घ्यावं.

कायदाही नुसत्या हसण्याला गुन्हा म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९९ कलमाला हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या २९५-अ कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच हे स्पष्ट केलं. एखाद्या समाजाला हिणवण्यासाठीच कुणी चित्रपट काढला, तर कलम जरूर लावा. पण चित्रपट समग्र परिणाम पाहून तपासावा, असं १९९१ च्या आपल्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. मग एक वाक्य, एक जटाधारी सोंग बाजूला काढून आक्षेप कसे घेतले जातात? २०२३ मध्ये ‘ओएमजी २’ या चित्रपटात शंकराचं पात्र बदलून त्याला शंकराचा दूत करावं लागलं. त्याने कुठल्या भक्ताचं काय राखलं, मला खरंच कळलेलं नाही.

बोर्डाच्या निर्णयावर दाद मागायचं चित्रपट अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झालं. ते नेहमी शहाणपणानेच वागलं असं नाही. ‘मोहल्ला अस्सी’ला त्यानेही दहा कट सांगितले होते. तरी ती एक जवळची पायरी होती. आता बोर्डाने अडवलं की थेट उच्च न्यायालय. मोठा निर्माता वकील लावेल. चार मित्रांनी पैसे जमवून मराठीत धार्मिक भोंदूगिरीवर विनोदी चित्रपट काढला, तर ते कुठून लावतील? ते पटकथेतूनच बुवा काढून टाकतील.

माझी मागणी अशी: अपिलासाठी स्वतंत्र मंडळ पुन्हा नेमा, त्यावर नाटक-चित्रपटातली आणि धर्मपरंपरेची जाण असलेली माणसं घ्या आणि निकालाला मुदत घाला. बोर्डाने धर्माच्या कारणाने कट सांगितला, तर त्यात अपमानाचा हेतू नेमका कुठे दिसला, हे लेखी द्यायला लावा.

आपला,
एक भाविक प्रेक्षक