दात वयाने पडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी वर्तमानपत्रांत गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू यांवर भरपूर छापून येते. तोंडाची पाळी क्वचितच येते. 'वय झालं, आता दात जायचेच' हे सगळ्यांनीच मान्य करून टाकले आहे. पण दात वयाने पडत नाहीत. हिरड्यांच्या आजाराने आणि किडीने जातात. उतारवयात या दोन्हींचे फावते, कारण लाळ आटते आणि ब्रश धरणारा हात थकतो.

लाळ आटण्याचा दोष बहुतेकदा वयाचा नसून गोळ्यांचा असतो. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची, ऍलर्जीवरची, वारंवार लघवी होण्यावरची औषधे : यांतली दोन-तीन एकत्र चालू असली की तोंडाला कोरड पडते. लाळ खाण्यानंतरचे आम्ल शमवते आणि दाताला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते, ते काम तिथेच थांबते. त्यात हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडलेली असतात. मुळावर इनॅमलचे, म्हणजे दातावरच्या कठीण थराचे, कवच नसते. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ पर्यंत उतरावा लागतो, मूळ मात्र पीएच ६च्या वर असतानाच झिजू लागते. म्हणून आयुष्यभर एकही कीड न लागलेल्या माणसाच्या दातांना उतारवयात हिरडीलगत तपकिरी पट्टे दिसू लागतात. ते सहसा दुखत नाहीत, आणि एक दिवस चावताना दात मुळाशीच मोडतो.

औषधे मनाने बंद करू नयेत. पर्यायी औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. पाण्याचे घोट घ्यावेत, बिनसाखरेचे च्युइंगम चघळावे. कोरड घालवायला गोड गोळी गालात धरून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय. टूथपेस्ट फ्लोराइडची, १००० ते १५०० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड) असावी. आकडा नळीवर छापलेला असतो. किडी भराभर लागत असतील तर दंतवैद्य ५००० पीपीएमची देतात. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण चूळ भरू नये. खळखळून चूळ भरली की फ्लोराइडही वाहून जाते, आणि ही सवय मोडणे सर्वांत अवघड जाते.

बोटे आखडली असतील किंवा हात थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. इलेक्ट्रिक ब्रशचा दांडा मुळातच जाड असतो आणि मनगटही कमी फिरवावे लागते. दातांतल्या फटी रुंदावल्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश बरा. तो जोर न लावता आत जावा, पण आत गेल्यावर सैल वाटू नये.

कवळीबद्दलचे गैरसमज तर विचारू नका. 'दात नाहीत, मग घासायचे काय?' हा त्यांतला पहिला. हिरड्या, टाळू आणि जीभ रोज मऊ ब्रशने पुसून काढावीच लागतात. कवळी टूथपेस्टने घासू नये. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी कवळीच्या ऍक्रिलिकवर (प्लास्टिकवर) ओरखडे उठतात आणि त्यांत बुरशी घर करते. साधा द्रव साबण आणि स्वतंत्र ब्रश पुरतो. गरम पाणी घातले की कवळी वाकते, मग ती कधीच नीट बसत नाही. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर ती धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री ती काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस घालून ठेवली की तिच्याखालचा टाळू लालभडक होतो आणि ओठांचे कोपरे चिरतात. ते जीवनसत्त्वाच्या अभावाने असेल म्हणून लोक गोळ्या घेत बसतात. पुष्कळदा ती बुरशी असते. औषधाने ती जाते, पण कवळी अस्वच्छच राहिली तर परत येते.

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, कवळी मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून ती सैल होते. चिकटवण्याच्या पेस्टचा थर वाढवत नेणे हा त्यावरचा इलाज नव्हे. दंतवैद्याकडून आतून नवा थर बसवून घ्यावा. आणि टोचणारी कवळी घरी कानशीने घासू नये, हेही सांगावे लागते!

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तोंड दुसऱ्याने साफ करायचे असते, आणि ते कसे करायचे हे शुश्रूषा करणाऱ्यांना सहसा कुणी शिकवत नाही. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून हे काम टाळण्यासारखे नाही. आधी काय करणार ते सांगावे. माणसाला उठवून बसवावे. ते जमत नसेल तर कुशीवर वळवावे. पाठीवर सरळ झोपवून कधीही घासू नये, ठसका लागतो. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्यावा, त्यावर पेस्टचा नुसता पुसट थर द्यावा. कमी फेसाची पेस्ट असेल तर उत्तम. ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरून दोन-दोन दात घासावेत आणि सुटलेली लाळ मधूनमधून ओल्या गॉझने टिपावी. बोटे दातांच्या मध्ये घालू नयेत, गालाच्या बाजूने न्यावीत. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे टाळावेत. त्यांनी तोंड आणखी कोरडे पडते आणि आम्लाने दात झिजतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस 'दात दुखतो' असे सांगेलच असे नाही. तो जेवण नाकारतो, गाल धरतो, कवळी घालू देत नाही, ब्रश दिसताच चिडतो.

दात काढायचा असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. त्यांतली वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीचा) ताजा अहवाल बरोबर न्यावा. हाडांच्या ठिसूळपणासाठी ऍलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ऍसिड सुरू होणार असेल, तर त्याआधी दात तपासून काढायचे ते काढून घ्यावेत. ही औषधे चालू असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि जखम भरत नाही. तोंडातला कोणताही व्रण, लाल वा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर तो कवळीच्या घर्षणाचा असेल असे समजून थांबू नये, दंतवैद्याला दाखवावा.

आपला,
एक दंतवैद्य