तटावरची एक रात्र

ब्राउनश्वाइग (जर्मनी), रविवार

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे आमच्या मॉलसमोरचं मैदान ओस असतं. या मॉलला दर्शनी भाग जुन्या राजवाड्याचा आहे. (राजवाडा १९६० साली पाडला आणि २००७ मध्ये तोच चेहरा पुन्हा बांधून आत कपड्या-चपलांची दुकानं थाटली!) समोर दोन घोडेस्वारांचे पुतळे, बाप आणि लेक. पैकी लेकाने मला सध्या झपाटलंय. फ्रीडरिश विल्हेल्म, तेव्हाच्या इथल्या छोट्या राज्याचा 'काळा ड्यूक'.

हा चौथा मुलगा. गादी त्याच्या वाट्याला यायची नव्हती, पण थोरला वारला आणि मधले दोघे प्रकृतीमुळे राज्य करण्याजोगे नव्हते. १८०६ च्या ऑक्टोबरात म्हातारा बाप एकाहत्तराव्या वर्षी प्रशियाची फौज घेऊन आउअरश्टेटला नेपोलियनच्या सैन्याशी लढला. गोळीने डोळे गेले, आणि महिन्याभरात हॅम्बर्गजवळ परमुलखात तो गेला. लेकाला वारसा मिळाला तो कागदावरच. पुढच्या वर्षी नेपोलियनने हा मुलूख आपल्या धाकट्या भावाच्या, जेरोमच्या, नव्या वेस्टफालिया राज्यात घातला. १८०८ मध्ये बायकोही गेली. दोन लहान पोरं आणि प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातली एक जहागीर, एवढंच उरलं.

या गड्याने ती जहागीरही गहाण टाकली आणि त्या पैशातून १८०९ मध्ये ऑस्ट्रियाच्या बाजूने लढायला स्वतःची फौज उभी केली. नखशिखान्त काळा गणवेश, टोपीवर चांदीची कवटी. कुणी म्हणतं बापाचं सुतक, कुणी म्हणतं गेलेल्या राज्याचं.

जुलैत ऑस्ट्रियाने व्हिएन्नाजवळ वाग्रामला हरून युद्धविराम केला. याने मात्र शस्त्र खाली ठेवलं नाही. दोनेक हजार माणसं घेऊन शत्रूच्या मुलखातून थेट उत्तर समुद्राकडे निघाला. वाटेत हाल्बरश्टाट लढून घेतलं आणि ३१ जुलैला स्वतःच्या गावात, म्हणजे इथे, पोचला. मन्या, बापजाद्यांचा राजवाडा हाकेवर, आणि हा शिपायांबरोबर तटावर पेंढ्यावर झोपला! दुसऱ्या दिवशी गावाबाहेर ओल्परला दुपटीहून मोठ्या फौजेने गाठलं. त्यातूनही निसटला आणि आठवड्याभरात वेझर नदीच्या मुखाशी जहाजं धरून इंग्लंडला गेला. आजोळच ते. आई तिथल्या राजाची, तिसऱ्या जॉर्जची, बहीण.

डिसेंबर १८१३ मध्ये परतला आणि इथून माझं त्याच्याशी जरा फाटतं. गादीवर जेमतेम दीड वर्ष होता. नेपोलियनी कायदे रद्द करून जुनीच घडी बसवली आणि एवढ्याशा राज्यावर भलीमोठी फौज लादली. फ्रेंचांनी आणलेलं सगळंच टाकाऊ नव्हतं रे! पण घोड्यावरून उतरून कचेरीत बसायचा त्याचा पिंडच नव्हता.

१५ जून १८१५ ला ब्रुसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसकडे नाचाची मैफल चालू असताना नेपोलियन चालून आल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्सच्या दक्षिणेला कात्र ब्रा इथे काळ्या ड्यूकचे कोवळे, नवखे शिपाई तोफांपुढे उभे होते. त्यांचा धीर सुटू नये म्हणून हा त्यांच्यासमोर पाइप ओढत येरझाऱ्या घालत राहिला. त्याच दिवशी गोळी लागून मेला. वय त्रेचाळीस. वॉटर्लू दोन दिवसांवर होतं.

आता तुझ्या कामाचं. त्या दिवशी त्याचा सरसेनापती कोण होता? वेलिंग्टन. तुमच्या जालन्याजवळ असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवणारा तोच वेलस्ली. लहानपणी आपण तिथे सायकलने गेलो होतो आणि तुझी चेन तुटली होती, आठवतंय?

काळ्या ड्यूकच्या मागे दहा वर्षांचा कार्ल गादीवर आला. तो मोठा होऊन असा काही वागला की १८३० मध्ये गावकऱ्यांनी राजवाडाच पेटवला आणि त्याला पळवून लावलं. मॉलला लावलेला चेहरा त्यानंतर बांधलेल्या राजवाड्याचा.

दिवाळीत येतोय. काकूंना नमस्कार सांग. यंदा असईला जाऊ, पण सायकलने नको. सोबत पुतळ्याचा फोटो ठेवलाय. ड्यूकच्या डोक्यावर कावळा बसलाय, तो हलेपर्यंत थांबायला थंडी फार होती.

तुझा,
बाळ्या